नळ बंद करण्याचा अर्ज

खारमोहाडी,
शनिवार, १९ मे २००७

प्रिय जहाँआरा,

काल दुपारी पावणेतीनला पाण्याचं ते बिल रद्द झालं. शाखा अभियंता केशवराव स्वतः मोटारसायकलवरून आले, खानावळीच्या दारातच उभे राहिले आणि म्हणाले, "कौशल्याबाई, तुमचे अठरा हजार सातशे चाळीस गेले. नेहमीसारखे दोनशे दहा भरा, झालं." सहीशिक्क्याचा कागद त्यांनी पुढे केला. माझे हात कणकेचे होते, म्हणून मी तो दोन बोटांच्या टोकांनी धरला. मग आमच्या ह्यांनी तो मोठ्यानं वाचला. जेवायला बसलेल्या शेषरावांनी डावा हात पुसून, चष्मा लावून पुन्हा वाचला, कारण दुसऱ्यानं वाचलेलं शेषरावांना कधी पटत नाही. म्हणाले, "खरं हाय. शिक्का पुरा उमटला." तेव्हा कुठे मी खाली बसले.

उजैरच्या दुकानात फोन करून हे सांगता आलं असतं. पण तू माझा फोन घेत नाहीस हे आता उजैरलाही लपवता येत नाही. बिचारा दर वेळी सांगतो, अम्मी नमाज पढून राहिली, अम्मी सोयी आहे. दुपारी बारा वाजता तू झोपणारी नाहीस, एवढं मला ठाऊक आहे. म्हणून हे पत्र. आमचे हे संध्याकाळच्या गाडीनं अकोल्याला येऊन ते हातात देतील. आपण एकाच शाळेत, एकाच बाईंच्या छड्या खाऊन अक्षरं शिकलो, माझं अक्षर तुला लागेल. फाडायचं असेल तर शेवटपर्यंत वाचून फाड.

तू फेब्रुवारीच्या शेवटी दाराला कुलूप लावून गेलीस आणि बिल आलं मार्चअखेर, त्यामुळे पुढचं तुला माहीत नाही. सहा महिन्यांचं बिल नेहमी दोनशेच्या आसपास येतं. या वेळी आकडा वाचून मला वाटलं, पूर्ण आळीचं एकत्र पाठवलं की काय! वर खानावळीचा दर लावलेला आणि खाली तांबड्या शाईत, भरणा न झाल्यास २१ मे रोजी जोडणी तोडण्यात येईल. म्हणजे परवा, सोमवारी. आपल्या खाऱ्या पट्ट्यात नळ तुटणं म्हणजे काय, ते पुण्याच्या माणसाला समजावून सांगावं लागेल, तुला नाही. विहिरीच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही आणि तुरीची डाळ सकाळी चढवली तर दुपारीही दाताखाली कचकचते. वरण शिजलं नाही तर खानावळ नाही. कापसाची जिनिंग बंद पडून हे घरी बसले त्याला दोन वर्षं झाली, आता घर चालतं ते माझ्या चुलीवरच. गिऱ्हाईकही कोण, तर सरकारी पॅकेजच्या याद्या घेऊन फिरणारे बाबूलोक, बँकेची माणसं, मुंबई-दिल्लीहून शेतकऱ्यांची पाहणी करायला आलेली पोरंपोरी. ज्या घरातला माणूस गेला त्या घरी जाऊन येतात आणि माझ्याकडे मान खाली घालून जेवतात. त्यांना मी गरम वरण वाढते आणि काही विचारत नाही.

तरी खरं सांगते, बिल आलं तेव्हा मी फार घाबरले नाही. आकड्याचा राग आला, पण मनात म्हटलं, तोडा नळ. आपली विहीर गोड झाली आहे ना!

संक्रांतीचा तो दिवस तुला आठवतो. नळाला पाणी आलं नव्हतं म्हणून मी नाइलाजानं विहिरीचं पाणी चुलीवरच्या डाळीच्या गंजात ओतलं, आणि पाऊण तासात डाळ मऊ. मी डाव हातात घेऊन तशीच भिंतीपाशी धावत आले. विहिरीच्या मधोमध ती भिंत, तिच्या अलीकडे माझी गडगडी, पलीकडे तुझी. आपल्या सासऱ्यांनी विहीर निम्मी निम्मी खणली तेव्हापासून पाणी एक आणि दोर दोन. मी ओरडले, "जहाँआरा, चाखून पाह्य!" तू बादली ओढलीस, घोट तोंडात घोळवलास, आणि म्हणालीस, "कौशल्या, याले तर नळाच्या दवाईचा वास येऊन राहिला." मी हसले. मी म्हटलं, तुझ्या तोंडाला नऊ वर्षं माझ्या नळाच्या पाण्याची सवय, तुला सगळीकडे तोच वास येणार. तुझ्याकडे नळ घ्यायचा विषय निघाला की तुझे मालक रशीदभाई, अल्ला त्यांना जन्नत देवो, म्हणायचे, दोन घरं, एक नळ, काय कमी हाय? आणि तू रोज कमरेवर हंडा घेऊन माझ्या अंगणात यायचीस.

पुढचा महिना कसा गेला! साठ वर्षांची खारी विहीर गोड झाली म्हटल्यावर लोक स्वस्थ बसतात थोडेच. आमच्या आळीतल्या बेबीताईंना देवीनं स्वप्नात येऊन सांगितलं. तुमच्या आळीतल्या सरफराजचाचांना नदीकाठच्या पीरानं सांगितलं. माझ्या बाजूनं नारळ, तुझ्या बाजूनं उदबत्ती, आणि मध्ये विहीर गप्प. पंधरा दिवस दोन्हीकडची माणसं एकमेकांना प्रसाद देत होती, ते किती गोड दिवस होते. तेवढ्यात तू भर अंगणात, दोन्हीकडच्या बाया हंडे घेऊन उभ्या असताना, पुन्हा म्हणालीस, "ना देवी ना पीर, हे नळाचं पाणी हाय, कुठी तरी पाईप फुटला." दोन्ही बाजूंना एकाच वेळी नाराज करणारी गावात तू एकटीच निघालीस. सरफराजचाचा तुझ्या दारातून उठून गेले. आणि इकडून बेबीताई म्हणाल्या, जिचा विश्वास नाही तिची बादली पाण्यात नको. दुसऱ्या दिवशी तुझी गडगडी भिंतीवरून निघालेली होती. तू मला विचारलंस, कोणी काढली. मी म्हटलं, मला ठाऊक नाही. त्यानंतर तू माझ्या नळावरही आली नाहीस. चार दिवस तू पाणी कुठून आणलंस, हे मी विचारलं नाही. पाचव्या दिवशी कुलूप.

त्यानंतर खानावळ जोरात चालली, हेही लिहायला हवं. पाणी न्यायला आलेली माणसं जेवून जायची. गुरुवारी तर मला दोन गंज वरण लागायचं.

२० एप्रिलला जीपमधून एक माणूस उतरला. पंजाबराव, शेंदूरजनाघाटचा, संत्र्याच्या व्यापारातला. तुझ्या कुलपासमोर उभा राहून पावलांनी जागा मोजत होता. तुझं घर विकायला काढलंय हे मला त्याच्या तोंडून कळलं. मी त्याला चहा दिला. त्यानं आपल्या विहिरीचं पाणी ओंजळीनं प्यायलं, दोन कॅन भरून घेतले आणि सांगितलं की त्याला तिथे थंड पाण्याचे जार भरायचा धंदा टाकायचा आहे, अकोल्यापासून अमरावतीपर्यंत. "बाई, बारमाही गोड राह्यते ना?" मी म्हटलं, "संक्रांतीपासून हाय." त्याला तेवढंच पुरलं.

तीन दिवसांनी मी बिलाचं भांडण घेऊन पाण्याच्या कार्यालयात गेले. तिथला कारकून सुपारी चघळत म्हणाला, "मीटर खोटं बोलत नाही बाई, माणसं बोलतात." मी म्हटलं, माझ्या घरात एवढं पाणी मावणार तरी कुठे? नळाची धार तर दिवाळीपासून करंगळीएवढी झाली आहे. तो म्हणाला, मीटर ग्रामपंचायतीच्या भिंतीला, तिथून तुमच्या घरापर्यंत पाईप तुमचा. मध्ये गळलं तरी तुमचंच. मी म्हटलं, गळलं असतं तर आळीत चिखल नसता झाला? त्यानं मला बाकावर बसायला सांगितलं. बाकाच्या शेजारी पाण्यात टाकायच्या पांढऱ्या पावडरचं पोतं होतं, तोंड उघडं. मी बसले आणि तो वास आला.

जहाँआरा, तो वास मला तीन महिने रोज येत होता. मी त्याला नारळाचा, उदबत्तीचा, गर्दीचा वास म्हणत होते. त्या बाकावर मला सगळं दिसलं. दिवाळीनंतर टेलिफोनची केबल टाकायला ठेकेदाराची माणसं आली होती, आळीच्या कडेनं, तुझ्या ओट्यासमोरून चर खणत गेली. आठ दिवस माझ्याकडेच जेवली. त्यांचा मुकादम ओमप्रकाश एकदा हात धुता धुता म्हणाला होता, "माताजी, पाईप को ज़रा धक्का लगा था, ठीक कर दिया." मी म्हटलं, बरं. त्याला आणखी एक पोळी वाढली. पाणी वर आलंच नाही, म्हणून चिखल झाला नाही. ते चरातल्या मोकळ्या मातीतून, तुझ्या अंगणाखालून सरळ आपल्या विहिरीत उतरत होतं. माझ्याच मीटरमधून. गावानं ज्याला नारळ फोडले ते माझं पाणीबिल होतं.

म्हणजे नळ तुटला असता तर विहीरही गेली असती. आणि बिल रद्द करून घ्यायचं तर गावासमोर सांगावं लागणार होतं की जहाँआरा खरं बोलत होती. मी अर्धा तास त्या बाकावर बसून राहिले. मग कारकुनाकडून कोरा कागद मागून घेतला आणि लिहिलं, माझा नळ मीटरपाशी आठ दिवस बंद करून त्याला सील लावावं, आणि आठ दिवसांनी साहेबांनी येऊन माझ्या विहिरीचं पाणी चाखावं. कारकुनानं तो कागद वाचून शेजारच्याला दाखवला. "पाह्य रे, उन्हाळ्यात लोक चालू करा म्हणून रडतात, ह्या बाई बंद करा म्हणून राहिल्या!" दोघं पोट धरून हसले. हसू ऐकून आतून केशवराव आले. त्यांनी कागद वाचला, मला दोनच प्रश्न विचारले, केबल कधी टाकली आणि विहीर कधी गोड झाली. मग तिथेच सही केली.

२६ एप्रिलला शिशाचं सील लागलं. बेबीताईंना कळलं तेव्हा त्या कमरेवर हात ठेवून अंगणात आल्या. "काहून वं कौशल्या, देवीची परीक्षा घेऊन राहिली तू?" मी म्हटलं, "देवीची नाही ताई, पाईपची." त्या म्हणाल्या, विहीर खारी झाली तर पाप तुझ्या माथी. मी म्हटलं, बिल माझ्या माथी आहे, पापही ठेवा शेजारी. असं मी त्यांना आयुष्यात पहिल्यांदा बोलले. घरात आल्यावर मलाच मजा वाटली.

ते दिवस कठीण गेले. उन्हाचा तडाखा एवढा की ओट्यावर पाय ठेवता येत नव्हता. हे सायकलला चार कॅन बांधून दोन मैलांवरून पिण्याचं पाणी आणायचे. विहिरीवर गर्दी तशीच, रोज शंभरावर हंडे उपसले जात होते. चार दिवस पाणी गोडच. बेबीताई येता जाता मोठ्यानं विचारायच्या, "काय वं, झाली का खारी?" हेसुद्धा एका दुपारी कॅन उतरवता उतरवता म्हणाले, "तुह्या डोक्यात कोणी भरवलं हे?" मी तुझं नाव सांगितलं. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा कॅन बांधून निघाले.

सहाव्या दिवशी सकाळी सातला विहिरीच्या पाण्यात डाळ चढवली. आठला पाहिली, टणक. नऊला पाहिली, टणक. साडेदहाला दाणा दाताखाली घेतला तर कचकन वाजला, आणि मी एकटीच चुलीसमोर हसत सुटले. अडतीस वर्षं रांधते आहे, डाळ शिजली नाही म्हणून एवढा आनंद मला कधी झाला नव्हता. त्या दिवशी गिऱ्हाइकांना मी पिठलं वाढलं आणि कोणी विचारलं तर सांगितलं, आज वरणाला सुट्टी.

केशवराव चार मेला आले. भांडं तोंडाला लावलं आणि तिथेच थुंकले. "हे तर अस्सल आपल्याकडचं!" म्हणाले. त्यांनीच जमलेल्या बायांना समजावून सांगितलं की गोडं पाणी हलकं असतं, खाऱ्यावर तरंगून राहतं, आणि आपण वरचंच उपसत होतो. सात-आठ बाया ऐकत होत्या. सरफराजचाचाही लांबून ऐकत होते. त्यांनी हातातली उदबत्तीची पुडी खिशात ठेवली आणि मला विचारलं, "जहाँआरा कब आती?" मी म्हटलं, फोनच घेत नाही ती.

पण लढाई तिथे संपली नाही. ठेकेदाराचा माणूस पांढऱ्या गाडीतून आला आणि म्हणाला, आम्ही पाईपला हातही लावला नाही, काळी माती उन्हाळ्यात फाटते, पावसाळ्यात फुगते, पाईप आपोआप निसटतात. बोलायला मोठा गोड. केशवराव म्हणाले, ठीक, खणून पाहू. आठ तारखेला तुझ्या ओट्यासमोर चार फूट खणलं. आधी लागली त्यांच्या केबलची नारिंगी नळी. तिच्या बरोबर खाली माझा पाईप, फुटलेला, आणि त्यावर सायकलची जुनी ट्यूब करकचून गुंडाळलेली, वर सुतळीच्या तीन गाठी. शेषराव खड्ड्यात डोकावून म्हणाले, "माती लई हुशार हाय बावा, गाठीही मारते." ठेकेदाराचा माणूसही हसला, मग गाडीत जाऊन बसला. जाताना म्हणाला, ट्यूब कोणी बांधली याचा पुरावा काय?

ओमप्रकाशची टोळी तेव्हा अकोटच्या रस्त्यावर काम करत होती. आमचे हे दुसऱ्या दिवशी जाऊन त्याला घेऊन आले, जेवायला बोलावलंय एवढंच सांगून. तो आला, खुशीत बसला. मी त्याला विहिरीच्या पाण्यातलं वरण वाढलं. दोन घास खाल्ले आणि माझ्याकडे पाहिलं. "माताजी, दाल कच्ची है." मी म्हटलं, बेटा, आता रोज अशीच राहणार, तुझी गाठ पक्की नव्हती. मग त्याला बिल दाखवलं, तांबडी शाई दाखवली, खड्डा दाखवला. तो खड्ड्याच्या काठावर उकिडवा बसला. ठेकेदार मला काढून टाकेल, म्हणाला. मी म्हटलं, टाकेलही. मी तुला खोटं सांगणार नाही. तो उठला, हात धुतले आणि कागद मागितला. पूर्ण पानभर लिहिलं, हिंदीत, ट्यूब त्यानं बांधली, नवा जोड मागितला होता पण ठेकेदारानं दिला नाही. खाली सही, तारीख. मग म्हणाला, अब नल के पानी की दाल है क्या? होती, कॅनच्या पाण्यातली. त्यानं तीन वेळा घेतली. त्याची नोकरी गेली नाही, हे कालच केशवरावांकडून कळलं. ठेकेदाराचं लक्ष आता स्वतःच्या अनामतीवर आहे, कारण नव्या पाईपचे पैसे त्यातून कापून घेणार आहेत.

खानावळीचा दर मात्र यापुढे लागणार. ते मी मान्य केलं, चूक त्यांची नव्हती. बाकी सगळं जिंकलं, जहाँआरा. बेबीताई आठ दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. आज सकाळी पाणी मागायला आल्या, नळ सुरू झाला की एक हंडा देशील का म्हणून. मी देईन म्हटलं. गुरुवारची गर्दी संपली, वरण पुन्हा एक गंज. विहीर आता पहिल्यासारखी खारी आहे, आणि तिच्याकडे पाहिलं की मला बरं वाटतं.

आता जे लिहायला बसले ते. तुझी गडगडी काढायच्या आदल्या संध्याकाळी बेबीताई माझ्या स्वयंपाकघरात आल्या होत्या. त्यांनी मला विचारलं, "काढू का?" मी तांदूळ निवडत होते. मान वर केली नाही. म्हटलं, "तुमाले वाटते तसं करा." त्या माझ्या होकाराशिवाय हात लावणार नव्हत्या, विहीर निम्मी माझी होती. मला ठाऊक नाही असं तुला सांगितलं ते खोटं होतं. तुझं पाणी मी तोडलं. गर्दी येत होती, गंज रिकामे होत होते, आणि तू एकटी खरं बोलत होतीस, ते मला परवडत नव्हतं. याची माफी फोनवर मागता आली नसती, म्हणून बरं झालं तू फोन घेतला नाहीस.

आणि दुसरं. त्या बाकावर अर्धा तास मी बिलाचा विचार करत नव्हते. विहीर खारी झाली की पंजाबराव तुझं घर घेणार नाही, हे मला तेव्हाच कळलं होतं. तरी अर्ज दिला. आज सकाळी मीच त्याला फोन करून सांगितलं, कारण तू गोड विहिरीचे पैसे घेतले असतेस आणि त्यानं वर्षभरात तुला कोर्टात उभं केलं असतं. हे कारण खरं आहे, पण पूर्ण नाही. मला भिंतीपलीकडे जारचा कारखाना नको आहे. उद्या दुपारपर्यंत तो उजैरला फोन करून नाही म्हणेल. तू माझ्यावर चिडशील, चीड. पाकिटात या पत्रामागे एक छापील अर्ज आहे, नवीन नळजोडणीचा, तुझं नाव मी भरलं आहे, सहीची जागा मोकळी आहे. केशवराव म्हणाले, घरमालकाची सही असेल तर ठेकेदाराच्या त्याच चरातून तुझाही पाईप टाकता येईल, खणायचा खर्च नाही. सही मात्र त्यांच्यासमोर व्हायला हवी. मंगळवारी सकाळी अकराला माणसं तुझ्या ओट्यासमोर खणायला येतील. चर दुपारी दोनलाच बुजवतो म्हणत होते. मी त्यांना अकोल्याची संध्याकाळची गाडी येईपर्यंत थांबायला सांगितलंय. त्यांचं जेवण माझ्याकडे आहे, ते थांबतील.

माहेरी राहावी तशी तुझ्या शेजारात राहिलेली, तुझीच,
कौशल्या